यॉटवर फी घेऊन शिकवायचंय? खरेदी सगळ्यात शेवटी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून एक सल्ला हमखास वाचायला मिळतो. स्वतःची शिडाची यॉट असेल तर ती वर्षातले बरेच दिवस नुसती धक्क्याला बांधून पडलेली असते, मग त्यापेक्षा लोकांना सेलिंग शिकवा, फी घ्या, देखभालीचा खर्च तरी सुटेल. सल्ला वाईट नाहीये, फक्त त्यात मधलं सगळं गाळलेलं असतं. हौसेची यॉट आणि शिकवणीची यॉट या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या बोटी आहेत, भले बोट तीच असो, आणि एकीची दुसरी करायला जे सर्टिफिकेट लागतं ते मिळवताना बहुतेक मालक भलत्याच टोकाने सुरुवात करतात, हे इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकतो. आधी दुकानात जाऊन लाईफजॅकेटं, फ्लेअर (संकटात पेटवायचे इशारे), लाईफराफ्ट (बोट बुडाली तर चढायचा फुगणारा तराफा), नवीन रेडिओ असं सगळं घेऊन येतात, मग सर्व्हेअरला, म्हणजे सर्टिफिकेटसाठी बोट तपासणाऱ्याला, बोलावतात, आणि तो बोटीवर पाय ठेवून पहिलं काय विचारतो तर स्टॅबिलिटीचे, म्हणजे बोट किती कलंडली तरी परत उभी राहते त्याचे, कागद कुठायत. तिथे गाडी अडते ती अडतेच.

मुळात फरक पडतो तो पैशाने. जहाजांच्या सुरक्षेचा जो मोठा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७४ चा सोलास, आणि लोड लाईनचा, म्हणजे जहाज जास्तीत जास्त किती खोल भरायचं त्या रेषेचा, १९६६ चा करार, या दोन्हींमध्ये हौसेच्या यॉटना सूट दिलेली आहे, पण ती सूट "धंद्यात नसलेल्या" यॉटना आहे. म्हणजे खाजगी यॉट नियमांच्या बाहेर असते ती तिच्यावर मेहेरबानी म्हणून, आणि पहिली फी घेतली की ती मेहेरबानी संपली. ब्रिटनच्या १९९८ च्या नियमांमध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलंय, मालक, त्याचं कुटुंब आणि मित्र बोटीवर असतील आणि त्या सफरीच्या प्रत्यक्ष खर्चात वाटा यापलीकडे पैसे घेतले जात नसतील तर ती प्लेझर व्हेसल. आता यातून पळवाटा काढणारे काढतातच. कोणी फीला देणगी म्हणतो, कोणी विद्यार्थ्याला आधी "मित्र" करून घेतो, कोणी क्लब काढून मेंबरशिप विकतो. चार महिने चालतंही हे. पण काही झालं की इन्शुरन्सवाला सगळ्यात आधी हाच धागा ओढतो, आणि हौसेच्या पॉलिसीत भाड्याने किंवा फी घेऊन बोट वापरली तर कव्हर नाही हे कलम बहुतेक ठिकाणी असतंच. नेमकं ज्या दिवशी पॉलिसी लागते त्याच दिवशी ती नसते.

जिथे तिथे दोन आकडे दिसतील, २४ मीटर आणि १२ माणसं. हे आकडे कोणाच्या डोक्यातून आलेले नाहीत. सोलासप्रमाणे १२ पेक्षा जास्त प्रवासी असले की ते प्रवासी जहाज ठरतं आणि लोड लाईनचा करार नव्या जहाजांना २४ मीटरपासून लागू होतो, त्यामुळे या दोन्हींच्या खाली राहणाऱ्या छोट्या व्यापारी बोटींसाठी देशोदेशींनी आपापले वेगळे, जरा सोपे नियम केले. (२४ मीटर मोजायची पद्धतही वेगळी आहे बरं का, टोकापासून टोकापर्यंत टेप लावून नाही, पण शिकवणीच्या बहुतेक यॉट या १० ते १५ मीटरच्या असल्याने त्या भानगडीत पडायची वेळ येत नाही.) ब्रिटनने १९९३ मध्ये शिडाच्या छोट्या व्यापारी बोटींसाठी कोड काढला, त्याला सगळे ब्लू कोड म्हणायचे, मोटरबोटींचा यलो, कामाच्या बोटींचा ब्राउन असं करत २००४ मध्ये हे सगळं एमजीएन २८० नावाच्या एका नोटीसमध्ये एकत्र आलं. त्यावरून अशा सर्टिफिकेटवाल्या बोटीला "कोडेड" म्हणायची पद्धत पडली, आणि ज्या देशात असा कोड नाही तिथलेही सर्व्हेअर अडलं की तोच उघडून बघतात. अमेरिकेत वेगळी तऱ्हा, तिकडे लायसन्सवाला कॅप्टन असेल आणि पैसे देणारे प्रवासी ६ पर्यंत असतील तर छोट्या बोटीला कोस्ट गार्डच्या पूर्ण तपासणीतून जावं लागत नाही, त्यापुढे मात्र जावं लागतं. म्हणून पहिलं काम म्हणजे आपली बोट कोणत्या झेंड्याखाली नोंदलीय आणि चालवायची कुठल्या पाण्यात हे बघणं. झेंडा एका देशाचा आणि पाणी दुसऱ्याचं असेल तर दोघांनाही विचारावं लागतं, एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याचं हो धरून चालता येत नाही.

दुसरं काम, आणि इथे मालकांचा अहंकार आडवा येतो, ते म्हणजे एरिया कॅटेगरी ठरवणं. एमजीएन २८० मध्ये ६ पासून ० पर्यंत वर्ग आहेत. ६ म्हणजे ठरवून दिलेल्या जागेपासून आणि किनाऱ्यापासूनही ३ (समुद्री) मैलांच्या आत, तेही दिवसा आणि हवा चांगली असताना. ४ म्हणजे आसऱ्याच्या बंदरापासून २० मैलांपर्यंत पण परत दिवसा आणि चांगल्या हवेतच. ३ म्हणजे तेच २० मैल, पण रात्रीही चालतं. २ म्हणजे ६० मैल, १ म्हणजे १५० मैल आणि ० म्हणजे कुठेही जा. आता मालकाला वाटतं माझी बोट महासागर पार करू शकते, मी का ४ मागू, मी १ च मागणार. अरे पण तू शिकवणार काय आहेस? नांगर टाकणं, टॅकिंग आणि जाइबिंग (वारा समोरून किंवा मागून घेत बोट वळवणं), धक्क्याला बोट लावणं, माणूस पाण्यात पडला तर परत येणं, थोडं रात्रीचं नेव्हिगेशन. यातलं सगळं ३ मध्ये बसतं, आणि ज्यांना लांबच्या सफरीचे कोर्स घ्यायचेत त्यांचं बरंचसं २ मध्ये. वर्ग जसा वर जाईल तसा स्टॅबिलिटीचा पुरावा जास्त लागतो, राफ्ट वेगळा, रेडिओ वेगळे, आणि बोटीवरच्या माणसाची पात्रतापण वरची लागते. वर्ग आधी ठरला की खरेदीची यादी आपोआप ठरते. म्हणून म्हणतो खरेदी शेवटी. आधी घेतलेला राफ्ट वर्गाला चालत नाही म्हणून परत विकायला काढलेला मी धक्क्यावर बघितलाय, आणि वापरलेला राफ्ट घेणार कोण.

आता स्टॅबिलिटी. हा खरा मुद्दा आहे आणि यावर कुठलंही व्हिडिओवालं बोलत नाही कारण यात दाखवण्यासारखं काही नसतं. शिडाची बोट वाऱ्याने कलंडते, हे तिचं रोजचं काम आहे, प्रश्न एवढाच असतो की किती कलंडल्यावर ती परत उभी राहते आणि किती कलंडल्यावर पाणी कुठून आत शिरतं. पहिल्याला एव्हीएस म्हणतात, म्हणजे ज्या कोनापर्यंत बोट स्वतःहून परत सरळ होते तो कोन, त्याच्या पुढे गेली की ती उलटी होऊन तशीच राहायला बघते. दुसरा कोन त्याच्या बराच आधी येऊ शकतो आणि तो सगळ्यात आधी कुठली उघडी जागा पाण्याला लागते त्यावर ठरतो, हॅच असेल, केबिनचं दार असेल, इंजिनाची हवा घ्यायची भोकं असतील. आयएसओ १२२१७ चा दुसरा भाग ६ मीटर आणि त्यावरच्या शिडाच्या बोटींसाठी आहे, त्यात या सगळ्याचा मिळून एक आकडा काढतात, स्टिक्स. डिझाईन कॅटेगरी ए ला तो कमीत कमी ३२ लागतो, बी ला २३, सी ला १४. ए ला एव्हीएस कुठल्याही परिस्थितीत १०० अंशांच्या खाली चालत नाही, बी ला ९५. आणि ए बी सी डी म्हणजे काय, तर बी ची बोट ८ फोर्स (वाऱ्याच्या जोराचं ब्युफोर्ट माप) वारा आणि ४ मीटर लाटांपर्यंत, सी ची ६ फोर्स आणि २ मीटरपर्यंत, ए म्हणजे त्या ८ आणि ४ च्याही पुढे. इथे एक घोळ कायम होतो, ही ए बी सी डी बोट बांधणाऱ्याने दिलेली असते आणि ती किती वारा-लाट सोसेल याबद्दल असते, मघाचे ० ते ६ वर्ग हे किती लांब जायचं याबद्दलचे असतात. ए लिहिलेली प्लेट बोटीवर आहे म्हणून ० वर्ग मिळाला असं होत नाही.

युरोपात १९९८ च्या जूनपासून विकल्या गेलेल्या बोटींना सीई मार्क (बोट युरोपच्या नियमांत बसते याची खूण) सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरची कारखान्यात बनलेली बोट असेल तर कारखान्याकडून हे आकडे मिळू शकतात, निदान मागता तरी येतात. त्याआधीची बोट असेल, किंवा कोणी घरच्या अंगणात बांधलेली एकुलती एक असेल, तर मग नेव्हल आर्किटेक्ट लागतो आणि इनक्लाइनिंग टेस्ट करावी लागते. ती बघायला फार मजेशीर असते खरं म्हणजे. एकदम शांत पाणी, दोर सैल सोडलेले, टाक्या एकतर पूर्ण भरलेल्या नाहीतर पूर्ण रिकाम्या म्हणजे आतलं पाणी हिंदकळून गणित बिघडवत नाही, आणि मग ठराविक वजनं डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवायची आणि आत टांगलेला लंबक किती हलला ते मोजायचं. एवढ्यावरून बोटीचा गुरुत्वमध्य नेमका किती उंचीवर आहे ते निघतं. बोटीवर किती माणसं उभी होती, कुठे उभी होती, सगळं लिहितात. चहा करायला म्हणून कोणी उठून आत गेला तर परत मोजा.

आणि टेस्ट झाल्यावर मालक काय करतो? मागे स्टीलची कमान उभारून त्यावर सोलर पॅनल लावतो, डोलकाठीवर रडार चढवतो, केबिनच्या छतावर राफ्ट बांधतो, डोलकाठीच्या आत गुंडाळणारं शीड बसवून घेतो. हे प्रत्येक वजन वर गेलेलं असतं. एकेकटं बघितलं तर काही नाही, पण सगळं मिळून एव्हीएस खाली येतो आणि कागदावरचे आकडे त्या बोटीचे राहतच नाहीत. शिकवणीची बोट करताना मालकाला सगळ्यात जास्त हुक्की येते ती नेमकी हेच सगळं बसवायची, विद्यार्थ्यांना आधुनिक वाटावं म्हणून. सर्व्हेअरला विचारल्याशिवाय डेकच्या वर काही चढवू नका, एवढी एक गोष्ट या पत्रातून कोणी घेतली तरी माझं काम झालं.

हे मी उगाच ताणतोय असं वाटत असेल तर अल्बट्रॉसची गोष्ट सांगतो. १९२० मध्ये बांधलेली डच पायलट स्कूनर (वाटाड्यांना जहाजांपर्यंत नेणारी शिडाची बोट), पुढे तिला ब्रिगँटिन केलं, म्हणजे आडव्या काठ्या आणि चौकोनी शिडं वर चढली, आणि मग ती मुलांची तरंगती शाळा झाली. २ मे १९६१ ला मेक्सिकोच्या आखातात अचानक आलेल्या वावटळीत ती आडवी झाली आणि बघता बघता बुडाली, ६ जण गेले, त्यातले ४ विद्यार्थी. त्यानंतर अमेरिकन कोस्ट गार्डने शाळेच्या जहाजांच्या स्टॅबिलिटीचे नियम मुळापासून तपासले आणि १९८२ मध्ये तिकडे सेलिंग स्कूल व्हेसल्स अ‍ॅक्ट आला. या कायद्यात एक फार महत्त्वाची गोष्ट केलीय, शिडाच्या शाळेतला विद्यार्थी आणि शिक्षक हे प्रवासी नाहीत असं म्हटलंय, त्यांचा वर्गच वेगळा, त्यांच्यासाठी नियम वेगळे. मला हे पटतं. प्रवाशाला तुम्ही कोपऱ्यात बसवून ठेवू शकता, विद्यार्थ्याला सुकाणू हातात द्यावं लागतं, तो दोरीशी खेळणार, पुढे डेकवर जाणार, चुकणार आणि त्याच्यासाठीच तो आलाय. मग ३ जून १९८४ ला बर्म्युडाजवळ मार्क्स नावाचं ब्रिटिश जहाज टॉल शिप्सच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजांच्या, शर्यतीत तसंच वावटळीत गेलं, २८ पैकी १९ माणसं गेली. त्यानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या वुल्फसन युनिट या गटाने कामाला येतील असे आलेख बनवले, म्हणजे आत्ता बोट किती अंश कलंडलेली आहे आणि अजून किती जोराचा झोत आला तर पाणी आत शिरेल हे स्किपरला (बोटीच्या प्रमुखाला) एका नजरेत कळावं. डेकवर उभं राहून वापरता येईल असं गणित, मला वाटतं या सगळ्या क्षेत्रात झालेलं सगळ्यात उपयोगी काम हेच असेल.

कीलबद्दल, म्हणजे बोटीच्या तळाखाली बसवलेल्या जड पात्याबद्दल, पण बोललं पाहिजे. २०१४ च्या मे महिन्यात चीकी रफीकी नावाची यॉट अँटिग्वाहून ब्रिटनला परत येत होती, नोव्हा स्कॉशियापासून साधारण ७२० मैलांवर तिचं कील निघालं आणि बोट उलटी झाली, चौघं गेले. नंतर उलटी तरंगणारी बोट सापडली तेव्हा राफ्ट आपल्या जागेवर तसाच बांधलेला होता, कोणाला तो सोडवायलाही मिळाला नाही. ब्रिटनच्या अपघात तपास शाखेचा अहवाल २०१५ मध्ये आला, त्यातलं कळीचं म्हणणं असं की बोटीच्या तळाला आतून चिकटवलेला जो फायबरचा सांगाडा असतो तो आधी कधीतरी तळ घासल्यामुळे सुटत गेलेला असू शकतो, आणि हे डोळ्यांनी सहज दिसत नाही. शिकवणीच्या बोटीच्या मालकाने हे वाचून गप्प बसू नये, कारण शिकवणीची बोट वाळूला लागणारच, शिकणारा माणूस उथळ पाण्याचा अंदाज चुकवणारच. कुठे किती जोरात लागली, तेव्हा वेग किती होता, नंतर बोल्ट आणि सांगाडा कोणी बघितला, याची वही ठेवा. सर्टिफिकेटवाले दर ५ वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बघतात, मध्ये साधारण तिसऱ्या वर्षी एकदा येतात, आणि दरवर्षीची तपासणी मालकानेच करून सही करायची असते. म्हणजे मधला सगळा काळ तुमच्या प्रामाणिकपणावर सोडलेला आहे. वापरलेली बोट विकत घेऊन शाळा काढणाऱ्याने तर विकणाऱ्याला हा प्रश्न लेखी विचारावा, कुठे लागली होती का आणि दुरुस्ती कोणी केली.

सामानाबद्दल पटकन सांगतो कारण ते विकत मिळतं आणि यादी कोडमध्येच असते. लाईफजॅकेटं माणशी एक आणि वर शिलकीत, गॅसवाली असतील तर सिलिंडरसकट दरवर्षी तपासायची. पट्टे म्हणजे हार्नेस आणि ते अडकवायला डेकवर पुढून मागे ताणलेली जॅकस्टे. राफ्टची सर्व्हिस बहुधा दरवर्षी, तो पाण्याच्या दाबाने आपोआप सोडणारं जे हायड्रोस्टॅटिक यंत्र असतं त्याची मुदत साधारण २ वर्षं, फ्लेअरची साधारण ३. ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं यंत्र, ४०६ मेगाहर्ट्झचा आणि तो तुमच्याच बोटीच्या नावावर नोंदलेला पाहिजे, जुन्या मालकाच्या नावावर असेल तर शोधपथक त्याच्या घरी फोन करत बसेल. डीएससी वाला (एका बटणावर संकटाचा इशारा देणारा) व्हीएचएफ रेडिओ, होकायंत्र आणि त्याचं विचलन लिहिलेलं कार्ड, बिल्जमधलं, म्हणजे अगदी तळाशी साचलेलं, पाणी उपसायला दोन पंप, तळाच्या प्रत्येक सीकॉकपाशी (पाण्याच्या भोकाच्या झडपेपाशी) बांधलेलं लाकडी बूच, सुकाणूचं चाक तुटलं तर लावायचा दांडा म्हणजे टिलर, तुफानाची छोटी शिडं, दिवे १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या नियमांप्रमाणे. इंजिनाचं इंधन इंजिनच्या खोलीत न शिरता बाहेरून बंद करता आलं पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बिल्जमध्ये जाऊन साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि बाहेर समुद्राकडे निचरा होणारा, शिवाय गॅसचा अलार्म. केबिनच्या दाराच्या फळ्या आतून बाहेरून दोन्हीकडून अडकवता आल्या पाहिजेत, हे किरकोळ वाटतं पण १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या लांब पल्ल्याच्या यॉट शर्यतीत, ३०३ बोटी सुटल्या होत्या आणि १५ स्पर्धक गेले, तेव्हा बोटी आडव्या होताना या फळ्या निसटून पाणी आत शिरल्याचं नंतरच्या चौकशीत पुढे आलं. त्याच शर्यतीत २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या आणि त्यातल्या ५ च बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या. राफ्ट विकणारा हा आकडा सांगत नाही, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, की बोट पायाखालून जाईपर्यंत बोट सोडायची नाही.

एक मात्र आहे, कोड बोटीचा असतो, शिकवणीचा नाही. कोडेड बोट शिकवायला सोयीची असेलच असं नाही. कॉकपिटमध्ये शिक्षक आणि पाच विद्यार्थी एकावेळी दाटीवाटी न करता उभे राहू शकतात का, विंचवर (दोर ओढायच्या चरकावर) काम करताना शिकणाऱ्याचं डोकं बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) वाटेत येतं का, शिक्षकाला एका पावलात सुकाणू आणि इंजिनाचा थ्रॉटल दोन्ही गाठता येतात का, पाण्यात पडलेला जड माणूस बोटीवर उरलेल्या दोन नवशिक्यांना वर घेता येईल अशी सोय आहे का. हे कुठला सर्व्हेअर टेपने मोजत नाही. आरवायए या ब्रिटनमधल्या सेलिंगच्या संस्थेच्या क्रूझिंग कोर्समध्ये एका शिक्षकामागे जास्तीत जास्त ५ विद्यार्थी धरतात ते उगाच नाही. मालकाला सहावा घ्यायचा मोह होतो कारण बंक (झोपायची जागा) रिकामा दिसतो, सर्टिफिकेटवर माणसांचा आकडाही मोठा असतो. पण तो आकडा बोट किती माणसं सुरक्षित नेऊ शकते याचा असतो, एक शिक्षक किती जणांवर नजर ठेवू शकतो याचा नाही.

माणसाचे कागद परत वेगळे. बोटीचं सर्टिफिकेट आलं की शाळा सुरू असं समजणारे कमी नाहीत. आरवायएच्या पद्धतीत नुसतं यॉटमास्टर (स्किपरचं सर्टिफिकेट) असून भागत नाही, पैसे घेऊन स्किपर व्हायचं तर त्यावर कमर्शियल एंडोर्समेंट लागते, त्यासाठी मेडिकल, सी सर्व्हायव्हलचा कोर्स, आणि व्यावसायिक जबाबदाऱ्यांचा एक वेगळा कोर्स. यॉटमास्टरमधल्या कोस्टलवाल्याला त्यावर आसऱ्याच्या बंदरापासून २० मैल, ऑफशोअरवाल्याला १५०, ओशनवाल्याला मर्यादा नाही. आणि त्या संस्थेची सर्टिफिकेटं विद्यार्थ्यांना द्यायची तर शिक्षकाची पात्रता वेगळी आणि शाळेची मान्यता वेगळी. बोट २ वर्गाची आणि स्किपर २० मैलांचा असेल तर सफर २० मैलांचीच, जी मर्यादा कमी तीच खरी. साधी गोष्ट आहे, पण मालक आणि स्किपर वेगळे असले की नेमकं इथेच फाटतं, मालक म्हणतो बोट जाऊ शकते ना, मग जा.

सेलिंगवाल्यांमध्ये या सगळ्याबद्दल कुरबुर भरपूर आहे आणि त्यातली थोडी मला मान्यही आहे. चाळीस वर्षं धडधाकट तरंगलेल्या जुन्या बोटीला आकड्यांचा कागद नाही म्हणून अडवायचं आणि नव्या, हलक्या, उथळ तळाच्या बोटीला प्लेट आहे म्हणून सोडायचं, यात कुठेतरी डोकं कमी आणि फाईल जास्त आहे. छोट्या मालकाला आर्किटेक्टची फी जड जाते आणि मग तो परत त्या "देणगी"च्या वाटेला लागतो, म्हणजे नियमाने त्याला नियमाबाहेर ढकललं. पण यावर उपाय नियम सैल करणं नसून एकाच नमुन्याच्या बोटींचे आकडे एकदा काढून सगळ्या मालकांना वापरू देणं हा असू शकतो. एका साच्यातून शेकडो बोटी निघतात, प्रत्येकाने नव्याने लंबक का टांगायचा? ज्याने काही बदल केलेत त्याने तेवढे दाखवावेत. हे काही ठिकाणी सर्व्हेअर करतातही, फक्त एक सर्व्हेअर मानतो आणि दुसरा मानत नाही.

साहेब, विनंती एवढीच की यापुढे "यॉट घ्या आणि शिकवा" छापाल तेव्हा शेजारी एखाद्या सर्व्हेअरलाही चार ओळी द्या. आणि शिकायला जाणाऱ्या वाचकांसाठी, ज्यांची मुलं सुट्टीत असल्या कोर्सला जातात त्यांच्यासाठी तर जास्तच, फी भरायच्या आधी बोटीचं सर्टिफिकेट मागा. ते बोटीवर असलंच पाहिजे, द्यायला कोणी लाजू नये. त्यावर तीन गोष्टी बघा, मुदत संपलीय का, वर्ग कोणता लिहिलाय आणि कोर्सच्या माहितीपत्रकात लिहिलेली सफर त्यात बसते का, आणि माणसं किती लिहिलीत. मग शिक्षकाचं कार्ड बघा आणि इन्शुरन्समध्ये शिकवणीचा उल्लेख आहे का ते विचारा. "त्याची काही गरज नाही हो, आपण सगळे मित्रच आहोत" असं उत्तर आलं तर पैसे खिशातच राहू द्या.

आपला,
शिडाच्या बोटीवर शिकवणारा एक वाचक